वसाहतीचं पावसाळी तळं किती मोठं हवं?

एक हेक्टर जमिनीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, की 5 लाख लिटर पाणी होतं. तिथे शेत असेल तर ढोबळमानाने दीड लाख लिटर वाहून जातं, बाकीचं मुरतं. त्याच जागी गच्च्या, पेव्हर ब्लॉक आणि डांबर आलं, की चार लाख लिटर ओढ्याकडे धावतं. मधलं अडीच लाख लिटर काही तास थोपवून धरणं, हेच या तळ्याचं काम. मीटरभर खोली धरली तर 250 चौरस मीटर जागा लागते. काठाच्या उताराची जागा वेगळी.

खरं कसब पाणी बाहेर सोडण्यात आहे. तळाजवळचं भोक मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे ओढ्याला झेपेल तेवढंच पाणी सुटतं. त्यापुढे जाळी हवीच, आणि ती पावसाळाभर साफ करणारा माणूसही. प्लॅस्टिकच्या चार पिशव्या अडकल्या तरी तळं तुंबतं. वर सांडवा हवा, अतिवृष्टीसाठी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. एवढं पाणी वसाहतीतलं तळं पोटात घेऊ शकत नाही, पण त्याला सुरक्षित वाट देता येते.

काठ सरळ उभे नकोत, मुलं खेळतात. पाणी आत येतं तिथे गाळासाठी वेगळा खड्डा असावा. बांधकाम चालू असताना सर्वांत जास्त माती तिथेच येते.

घर बुक करण्यापूर्वी तळ्याचा नकाशा मागा आणि दर मे महिन्यात गाळ कोण काढणार, हे लेखी घ्या.