कांद्याची साखळी : दुखणे ओळखावे कसे?

शेतात पिकलेली वस्तू आपल्या ताटात येईपर्यंत अनेक हातांतून जाते. या हातांच्या मालिकेला पुरवठा-साखळी असे म्हणतात. ती सुरळीत चालते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तुटली की मात्र एकच ओरड होते. वस्तुतः तुटण्यापूर्वी ती काही खुणा देत असते. त्या कोणत्या, हे कांद्याच्या उदाहरणावरून पाहू.

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव ही कांद्याची देशातील अग्रगण्य बाजारपेठ. आपल्याकडे खरीप, रांगडा व उन्हाळी अशी कांद्याची तीन पिके निघतात. त्यांपैकी महिनोन्‌महिने टिकतो तो उन्हाळी. एप्रिल-मेच्या सुमारास शेतकरी तो चाळीत भरतो आणि खरिपाचा नवा माल येईपर्यंत देशाची गुजराण मुख्यतः त्यावरच चालते. चाळीत कांद्याचे वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. अशातच पावसाने खरीप पीक बिघडले की भाव भडकतात.

पहिली खूण अशी की, संकट पुन्हा पुन्हा त्याच हंगामात येते. एकदा आले तर तो निसर्गाचा कोप. वरचेवर येऊ लागले तर तो व्यवस्थेचा दोष समजावा.

दुसरी खूण म्हणजे तोच तात्पुरता उपाय. डिसेंबर २०१०, सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ या चारही वेळी सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. औषध तेच राहते आणि रोगही तोच उलटतो, तेव्हा निदान तपासले पाहिजे.

तिसरी खूण सर्वांत बोलकी आहे : साखळीची दोन्ही टोके एकाच वर्षी रडतात. टंचाईत ग्राहक महाग कांदा घेतो. बंदीनंतर भाव कोसळून शेतकऱ्याच्या पदरी निराशा येते.

मग सुधारणा करावी कोठे? लासलगाव येथे २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र सुरू झाले. विकिरणाने कोंब फुटणे थांबते. परंतु सडणे थांबत नाही. त्यासाठी हवेशीर चाळ, नीट सुकवलेला माल आणि वेळोवेळी निवड हवीच. एक कडी दुरुस्त केली म्हणून साखळी सुधारत नाही, हाच यातील धडा होय.

म्हणून दर हंगामाअखेर चाळीत किती भरले, किती निघाले आणि घट कशामुळे झाली याचा हिशेब मांडला गेला पाहिजे. टंचाईत केलेली चौकशी ही धावपळ ठरते. सुगीत केलेली तपासणी हीच खरी सुधारणा. ती न झाल्यास नुकसान सोसावे लागते ते साखळीतील सर्वांत दुबळ्या हाताला, म्हणजे ज्याने कांदा पिकवला त्याला.