आडवाटेवरचा योद्धा

दोस्तांनो, पेणहून रोह्याला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये कधी बसलात का? कासू, नागोठणे, मग निडी आणि नंतर रोहा. कोकणात जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या निडीला थांबत नाहीत, धडधडत पुढे निघून जातात. रोहा गाठायचं तर निडीला उतरायची गरजच नसते. तिथे उतरतो तो, ज्याला निडीलाच जायचंय!

आता तुम्ही म्हणाल, व्हिडिओ गेमच्या लेखात निडी कुठून आली? अहो, व्हिडिओ गेममध्येही अशी निडी असते. गेममधला ‘बॉस’ तुम्हाला ठाऊकच आहे. टप्प्याच्या शेवटी वाट अडवून उभा राहणारा बलाढ्य शत्रू. त्याला हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण काही बॉस वाट अडवतच नाहीत. ते आडवाटेला असतात. त्यांना न भेटताही खेळ पुरा होतो. गंमत अशी, की बहुतेक वेळा सगळ्यांत अवघड तेच असतात!

‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा चिनी गेम २० ऑगस्ट २०२४ रोजी आला. त्यातला असा बॉस म्हणजे अर्लांग. कपाळावर तिसरा डोळा, हातात तीन टोकांचा भाला आणि सोबत शिकारी कुत्रा. (तिसरा डोळा म्हटल्यावर तुम्हाला शंकर आठवला ना? मलाही!)

हा अर्लांग आला कुठून? चीनमध्ये ‘पश्चिमेची यात्रा’ नावाची शंभर प्रकरणांची कादंबरी आहे. तिची सर्वांत जुनी माहीत असलेली छापील प्रत १५९२ सालची. दगडातून जन्मलेला वानर वुकाँग स्वर्गात धिंगाणा घालतो आणि एकही सेनापती त्याला आवरू शकत नाही. तेव्हा स्वर्गाचा राजा आपल्या भाच्याला बोलावतो. हाच तो अर्लांग. मोठा मानी गडी! लढाईचा हुकूम आला तर जाईल, पण दरबारात मुजरा करायला जाणार नाही. म्हणून तो राहतोही दरबारापासून दूर, आपल्या नदीकाठच्या ठाण्यावर. म्हणजे गोष्टीतही तो आडवाटेलाच, बरं का!

मग जुंपते. वुकाँग चिमणी झाला की अर्लांग ससाणा. वुकाँग मासा, तर अर्लांग मासे टिपणारा पक्षी. वुकाँग पाणसाप, तर अर्लांग करकोचा. शेवटी वुकाँग चक्क देऊळ होतो. तोंडाचं दार, दातांच्या दाराच्या फळ्या, डोळ्यांच्या खिडक्या, जिभेची मूर्ती. पण शेपटीचं काय करायचं? तिचा त्याने केला निशाणाचा खांब आणि उभा केला देवळामागे. अर्लांग हसला. आपल्याकडे दीपमाळ देवळाच्या मागे कधी पाहिलीत का? तसंच ते! आधी तुझ्या खिडक्याच फोडतो, असं त्याने म्हणताच देऊळ धूम पळालं.

पण या झुंजीचा निकाल सरळ लागत नाही. वरून पाहणारे लाओ त्से आपलं कडं खाली टाकतात. ते वुकाँगच्या टाळक्यात बसतं, तो धडपडतो, कुत्रा त्याचा पाय धरतो आणि वानर पकडला जातो. लहानपणी मला याचा फार राग यायचा. दोघांच्या कुस्तीत तिसऱ्याने वरून दगड मारावा, तसं!

याच कादंबरीत पुढे वुकाँग ज्या भिक्षूबरोबर भारताच्या वाटेला लागतो, तो भिक्षू खरोखरच होऊन गेला. इतिहासाच्या पुस्तकातला युआन श्वांग तो हाच. सातव्या शतकात, चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात, तो महाराष्ट्रात आला होता. इथले लोक सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी सूचना देतात आणि मगच हत्यार उचलतात, असं त्याने लिहून ठेवलंय. त्या लोकांना लाओ त्सेंचं कडं काही रुचलं नसतं!

आता गेमकडे येऊ. त्याच्या सुरुवातीलाही वुकाँग आणि अर्लांग लढतात. तिथेही वुकाँगच्या डोक्यावर जुनं सोनेरी कडं पुन्हा उमटतं, तो कळवळतो आणि हरतो. पुढे तुम्ही खेळता ते दुसऱ्याच एका तरुण वानराच्या रूपात. झुंज पुरी करायची असेल तर अर्लांगला तुम्हीच शोधायचं. पहिल्या प्रकरणात तीन घंटा वाजवून लपलेलं देऊळ उघडायचं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यातही एकेक गुप्त जागा हुडकायची. मग एका मनोऱ्यातल्या भिंतीवरच्या चित्रातून मेई पर्वतावर जायचं. तिथे बर्फात अर्लांग उभा असतो आणि तो तुम्हाला पुन्हा पुन्हा लोळवतो.

(आई-बाबा, घाबरू नका! याला तगडा कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशन ५सारखा कन्सोल लागतो, तो काही घरोघरी नसतो. वुकाँगची गोष्ट मात्र मुलांना फुकट सांगता येते. परीक्षा जवळ असेल तर तीच सांगा.)

शेवट ज्यांना आधी कळायला नको असेल, त्यांनी इथेच थांबावं. अर्लांगला न भेटता सरळ वाटेने गेलात, तर अखेरीस एक म्हातारा वानर ते सोनेरी कडं तुमच्या वानराच्या डोक्यावर चढवतो. अर्लांगला हरवून गेलात, तर अर्लांगने जपून ठेवलेल्या वुकाँगच्या आठवणी तुमच्या वानराला मिळतात. तो डोळे उघडतो, आणि त्याच्या डोक्यावर कडं नसतं.