आधी अँप, मग बास

वाशीम–पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात गणेशोत्सव, भीमजयंती आणि लग्नसराई हा गाण्याचा हंगाम. मंचावर कीबोर्ड असतो, ऑक्टोपॅड असतो, ढोलकी असते, गायक असतात. बासचं काम बहुतेक वेळा कीबोर्डवाल्याचा डावा हातच उरकतो. एखाद्या गायन पार्टीला खरी बास गिटार हवी असली, की शोध वाशीमच्या पलीकडे अकोला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे असा लांबत जातो. नव्याची किंमत ऐकून पावलं जुन्याकडे वळतात. मोबाइलवरच्या जाहिरातीत चकचकीत गिटार दिसते आणि जवळचे सगळे पैसे तिच्यावर लागतात. अँपचं, म्हणजे अँप्लिफायरचं, नंतर बघू, असं ठरतं.

इथेच हिशेब उलटा होतो.

बास गिटारचं अंग बहुधा भरीव लाकडाचं. साध्या गिटारसारखी तिला पोकळ पेटी नसते, त्यामुळे वीज नसताना ती शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. तारेची थरथर पिकअप पकडतो आणि तिचा क्षीण विद्युतसंकेत बनवतो. त्या संकेताचा आवाज करणं हे सगळं काम अँपचं आणि स्पीकरचं. चांगल्या अँपवर स्वस्तातली गिटारही भरदार वाजते. कमकुवत अँपवर महागडी गिटारही फुसकी ठरते. म्हणून जुना माल घेताना पैशांचा मोठा वाटा अँपला द्यायला हवा. गिटार पुढे बदलता येते.

चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात. पुढच्या ए, डी आणि जी तारांची अनुक्रमे 55, 73 आणि 98. 41 कंपनांच्या ध्वनिलहरीची हवेतली लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. इतका खोल सूर उमटवायचा तर स्पीकरला पुष्कळ हवा ढकलावी लागते. त्यासाठी मोठा कोन, त्याला मागेपुढे सरकायला वाव आणि भक्कम खोका लागतो. गावात घोषणांसाठी लावतात तो भोंगा माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला असतो. दोनशे-तीनशे कंपनांखालचं त्याला जवळपास काही झेपत नाही. बास त्यात जोडला तर खर्ज ऐकू येत नाहीच, वर आतलं युनिट जळण्याची भीती. लीड गिटारच्या छोट्या अँपवर हळू आवाजात सराव होतो, पण आवाज चढवला की कोन फडफडतो आणि अखेर फाटतो. घरच्या सरावाला पंधरा-तीस वॉट पुरतात. ड्रम किंवा ऑक्टोपॅडसोबत मंडपात वाजवायचं तर दोनशे-तीनशे वॉटचा विचार करावा लागतो.

या वाद्याचा जन्मच मुळी आवाज कमी पडतो म्हणून झाला. त्याआधी नृत्यवृंदातले वादक माणसापेक्षा उंच डबल बास सांभाळत आणि तुतारीवर्गातल्या वाद्यांच्या गजरात तो बुडून जाई. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी 1951 साली प्रिसिजन बास आणला आणि पुढच्याच वर्षी खास त्याच्यासाठी बासमन नावाचा अँप. 1969 मध्ये अँपेग कंपनीचा एसव्हीटी आला: 300 वॉट, व्हॉल्व्हवर चालणारा, नुसतं हेडच, म्हणजे स्पीकरशिवायचा अँप, चाळीस किलोंच्या घरात. आजचे क्लास-डी पद्धतीचे हेड तेवढी ताकद दोन-तीन किलोंत देतात. म्हणूनच शहरातले वादक आपले जुने, जड ट्रान्झिस्टर अँप काढून टाकतात. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला तीस किलोंचा खोका नकोसा होतो. ज्या पार्टीचं सामान एरवीही टेम्पोतूनच फिरतं, तिला मात्र वजनाची फारशी अडचण नसते. खेड्यातल्या गिऱ्हाइकाचा खरा फायदा इथे आहे.

महाराष्ट्रात पाश्चात्त्य वाद्यांच्या खरेदीचं जुनं ठिकाण म्हणजे मुंबईचं धोबी तलाव. 1865 साली सुरू झालेलं फुर्ताडोस हे नाव तिथलंच. आयातीवर निर्बंध आणि भारी जकात होती त्या दशकांत परदेशी बास सहजासहजी मिळत नसे. परदेशी गेलेल्या कलावंतांनी आणलेल्या वाद्यांना मोठा मान असे. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. सिनेसंगीतातले दुसरे वादक चरणजितसिंग गिटार आणि बाससोबत नवनवी यंत्रंही हाताळत. रोलँड कंपनीचं टीबी-303 हे यंत्र त्यांनी सिंगापूरहून आणलं होतं. बास गिटारवादक नसेल तेव्हा त्याची जागा भरायची, हा या छोट्या यंत्राचा हेतू. त्यावर आणि अशाच इतर यंत्रांवर त्यांनी 1982 साली दहा रागांची डिस्को ठेक्यातली तबकडी काढली. ती खपली नाही.

टीबी-303 सुद्धा खपलं नाही. खऱ्या बाससारखं ते वाजत नव्हतं. 1984 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं आणि ते जुन्या वाद्यांच्या दुकानांत मातीमोल भावात पडून राहिलं. शिकागोतल्या तरुणांनी तिथूनच ते उचललं, त्याच्या चिरक्या, वळवळत्या आवाजातून 1987 मध्ये फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी निघाली आणि नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार रुजला. मग त्या जुन्या यंत्राचा भाव नव्याच्या मूळ किमतीच्या कितीतरी वर गेला. चरणजितसिंगांची तबकडीही 2010 मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली. जुन्या बाजारातला भाव असा मागणीवर हलतो. ज्या वस्तूची फॅशन ओसरली पण जिचं काम चोख आहे, ती तिथे स्वस्त मिळते. नावाला चढलेली किंमत मोजायची गरज नसलेल्या वादकाने नेमकं तेच हेरावं.

गिटार तपासताना आधी नेक, म्हणजे तिची लांब मान, पाहतात. चार तारा मिळून तिच्यावर सत्तर किलोंहून अधिक ताण देतात आणि तो तोलायला आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. तार पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, आणि नेक अंगाला जोडते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायची. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमी फट दिसली, की नेक ठीक. फट फार मोठी असेल तर सळई आवळून बाक काढता येतो. पण ती आधीच शेवटपर्यंत आवळलेली असेल, तर दुरुस्तीला वाव उरलेला नसतो. असा सौदा तिथेच सोडावा.

वऱ्हाडच्या हवेत आणखी एक गोष्ट बघावी लागते. उन्हाळ्यात पारा चाळीस-बेचाळिसाच्या वर जातो, हवा कोरडी होते आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं लाकूड आक्रसतं. धातूचे फ्रेट मात्र तेवढेच राहतात, म्हणून त्यांची टोकं नेकच्या कडेबाहेर येऊन बोटाला टोचतात. कडेवरून बोट फिरवलं की हे लगेच कळतं. जाणकाराच्या कानशीने टोकं घासून घेता येतात, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. किंमत ठरवताना तो खर्च वजा करायचा. मुंबई-कोकणातून आलेल्या वाद्यात दमट हवेने गंजलेल्या खुंट्या आणि स्क्रू सापडतात. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा वाजवून पाहावा. एखादाच खरखरत असेल तर तो झिजलेला असतो किंवा शेजारचा उठलेला. बटणं फिरवताना येणारी खरखर बहुधा धुळीची, साफ केल्यावर जाणारी. काही गिटारींत 9 व्होल्टची बॅटरी असते आणि केबल तशीच लावून ठेवली की ती उतरते. तिथे आवाज बारीक आला, तर आधी बॅटरी बदलून बघावी.

अँपची परीक्षा कानाने होते. गिटार न जोडता तो चालू करून आवाज वाढवत न्यायचा आणि घुमणं ऐकायचं. भारतातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. हा आकडा बासवाल्याला फार जवळचा, कारण ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 49 कंपनांचा आहे. अर्थिंग किंवा केबल सदोष असेल तर घुमणं याच खोल सुराशी येतं. आतले फिल्टरचे कपॅसिटर सुकले असतील तर ते दुप्पट, म्हणजे 100 कंपनांपाशी येतं. मोकळ्या जी तारेच्या 98 ला अगदी खेटून. कान तयार असेल त्याला नुसत्या घुमण्यावरून दोष कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. त्यानंतर गिटार जोडून निदान अर्धा तास मोठ्या आवाजात वाजवावं. कित्येक दोष अँप तापल्यावरच वर येतात.

मागच्या पाटीवरचे आकडेही वाचायला हवेत. अमेरिकेतला अँप 120 व्होल्टचा, जपानमधला 100 व्होल्टचा असतो. व्होल्टेज बदलायची सोय नसलेला असा अँप आपल्या 230 व्होल्टवर थेट लावला तर पहिल्याच क्षणी जळू शकतो. पुरेशा क्षमतेचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर त्याच्या किमतीत धरावा. स्पीकरचे ओहमही जुळले पाहिजेत: 8 ओहमचे दोन खोके नेहमीच्या समांतर पद्धतीने जोडले की 4 ओहम होतात, आणि अँप किमान 4 ओहमचा असेल तर त्याखाली जाता येत नाही. व्हॉल्व्हचा अँप तर स्पीकर जोडल्याशिवाय कधीच चालवू नये.

अर्थिंगबाबत कुणीही तडजोड करू नये. घुमणं थांबावं म्हणून तीन पिनांतली अर्थची पिन काढून टाकलेले अँप जुन्या बाजारात दिसतात. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठांशी दुसऱ्या यंत्राला जोडलेला माइक, अशा स्थितीत वीज थेट शरीरातून वाहते. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या गटाचा गिटारवादक लेस हार्वे असाच मंचावर शॉक लागून गेला. पावसाळ्यातल्या ओल्या मंडपात हा धोका वाढतो. पिन तुटलेला अँप आवडला, तरी आधी जाणकार वायरमनकडून ती बसवून घ्यावी आणि मंडपातलं अर्थिंगही तपासून घ्यावं.

माल पसंत पडल्यावर प्रश्न मालकीचा. पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली होफनर बास 1972 साली लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली. ती सापडली 2023 मध्ये, एका घराच्या माळ्यावर, आणि मूळ मालकाला परत मिळाली. एवढ्या वर्षांनीही वाद्य ओळखता येतं ते त्याच्या खुणांमुळे, फोटोंमुळे. साध्या वाद्यालाही अनुक्रमांक असतो. विक्रेत्याचं मूळ बिल पाहावं, नसेल तर नाव, पत्ता, तारीख, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून दोघांच्या सह्यांची पावती करावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. नावाची नक्कलही तपासायला हवी. फेंडरच्याच स्वस्त स्क्वायर मालिकेतल्या गिटारवर फेंडरचं स्टिकर चढवून भाव वाढवला जातो.

लांबच्या विक्रेत्याशी मोबाइलवरच सौदा होतो तेव्हा फसवणुकीची एक ठरलेली रीत असते. समोरचा स्वतःला सैन्यातला म्हणवतो, बदली झाली म्हणून स्वस्तात देतो असं सांगतो आणि वाहतुकीचे पैसे आधी मागतो. विकणाऱ्यालाही गाठतात: पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, कारण पैसे गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच जास्त असते. शक्य तिथे व्हिडिओ कॉलवर अँप चालू करून घ्यावा आणि अकोला-नागपूरपर्यंत स्वतः जाऊन वाजवून पाहावं.

विकणाऱ्याचंही काम तितकंच महत्त्वाचं. वाद्य पुसून, नव्या तारा लावून आणि ट्यून करून दाखवलं तर भाव चांगला येतो. बदललेला स्पीकर, पुन्हा बसवलेला फ्रेट, कधी जळालेला ट्रान्सफॉर्मर हे आधीच सांगितलं तर गिऱ्हाईक पळत नाही. उलट खर्च कुठे झालाय ते त्याला दिसतं. अँप पाठवताना हेड आणि खोका वेगळे बांधावेत, व्हॉल्व्ह काढून वेगळ्या डब्यात ठेवावेत, गिटारच्या तारा थोड्या सैल कराव्यात. सोबत मूळ बिल, केबल आणि फ्यूज किती अँपिअरचा आहे याची चिठ्ठी द्यावी. इतकं सगळं नीट करणारा माणूस बाजारभावापेक्षा हजार-पाचशे जास्त मागत असेल, तर अनसिंगच्या पार्टीने ते आनंदाने द्यावेत.