तपकिरी कोळशाची उष्णता : तुलनेतील एक रिकामा रकाना

देशोदेशींच्या ऊर्जाविषयक आकडेवारीत तपकिरी कोळशापासून, म्हणजेच लिग्नाइटपासून, होणाऱ्या उष्णतानिर्मितीचा स्वतंत्र तक्ता आढळतो. जर्मनी, चेक प्रजासत्ताक, सर्बिया यांच्यापुढे त्यात आकडे असतात; भारताचा रकाना मात्र रिकामा राहतो. वस्तुतः १९५६ साली तेव्हाच्या मद्रास राज्यात नेवेली लिग्नाइट महामंडळ स्थापन झाले, आणि गुजरात व राजस्थानातही हे खनिज काढले जाते. मग ही उणीव कशाची? ती इंधनाची नसून संज्ञेची आहे.

या तक्त्यांत 'उष्णता' म्हणजे केंद्रात निर्माण होऊन नळांवाटे ग्राहकाला विकली जाणारी उष्णता. लिग्नाइटमध्ये पाण्याचा अंश फार असल्यामुळे तो दूरवर नेणे परवडत नाही. खाणीजवळच वीजकेंद्र उभारून उरलेली उष्णता शेजारच्या गावांना देणे सोयीचे ठरते. जर्मनीतील श्वार्त्से पुम्पे, ग्रीसमधील प्टोलेमायदा ही अशीच उदाहरणे होत. नेवेलीत वीज तयार होते, पण नळाने उष्णता घेणारे शहर तेथे नाही. शिवालिकच्या पायथ्याच्या पिंजौरमध्ये थंडी कडक पडते. तरीही तेथील अंगीठीची ऊब कोणत्याही तक्त्यात उमटत नाही. नेवेलीच्या लिग्नाइटपासून घरगुती वापरासाठी 'लेको' नावाच्या कांड्या बनत. त्यांची ऊबही या व्याख्येबाहेरच राहिली.

संज्ञांचा हा प्रश्न भाषेतही आहे. मराठीने 'लोणारी' आणि 'दगडी' असे कोळशाचे दोन भेद केले : एक लाकडाचा, दुसरा खाणीचा. लिग्नाइट या नावाच्या मुळाशी लाकूड या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. खाणीतला असूनही लाकडाशी नाते सांगणारा हा पदार्थ आपल्या विभागणीत नीट बसत नाही.

जर्मनीच्या आकड्यांतील उतरता कलही एकाच कारणाने आलेला नाही. १९९० नंतर पूर्व जर्मनीतील उद्योग कोसळले, पुढे अनेक शहरे नैसर्गिक वायूकडे वळली, आणि २०२० च्या कायद्याने कोळशाचा वापर उशिरात उशिरा २०३८ पर्यंत थांबवण्याचे ठरले.

या आलेखात न दिसणारी गोष्ट म्हणजे लुसाशियातील खाणींनी गिळलेली शंभराहून अधिक गावे; त्यांपैकी अनेक सोर्बियन या अल्पसंख्य भाषेची होती. नेवेलीच्या खाणींसाठीही गावे उठली. उष्णतेच्या रकान्यात या दोन प्रदेशांची तुलना संभवत नाही. विस्थापितांच्या कथनांत ती संभवते, आणि तौलनिक साहित्याभ्यासाने हाती घ्यावी अशी तुलना तीच आहे.