पंधरा टक्क्यांची सावली

बडोदे-अहमदाबाद एक्स्प्रेसवे साधारण ९३ किलोमीटरचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यावर एक मीटर रुंदीची पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म अंथरायची म्हटली, तर माल किती लागेल? वेफर्सच्या पाकिटाच्या थरांत असते तशी १२ मायक्रॉनची फिल्म धरली, तर जेमतेम दीड टन. एका किलोत साठ चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फुटांचा अख्खा फ्लॅट झाकला जातो.

हीच फिल्म मशीनवर मिनिटाला ३०० मीटरने पळत असली, तर एका मिलिसेकंदात ती पाच मिलिमीटर पुढे सरकते. मधेच तुटली, तर मशीनला ते तेवढ्यातच कळायला हवं. कळवणारा सेन्सर बहुधा प्रकाशावर चालतो, आणि इथे प्रकाश अडवणारं जवळजवळ काहीच नसतं.

पारदर्शक वस्तू ओळखण्याचा हा प्रश्न बडोद्याला घरचाच. १९०७ साली त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी इथे अलेम्बिक ही औषध कंपनी सुरू केली. औषधं म्हटली की बाटल्या आल्याच. आज पादरा तालुक्यात गवासदला हाल्डिन ग्लास ही कंपनी काचेच्या बाटल्या बनवते.

काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के भाग प्रत्येक पृष्ठभागावरून परततो. रिकाम्या बाटलीच्या भिंती दोन, पृष्ठभाग चार. म्हणजे मधोमध सोडलेल्या प्रकाशातला ८५ टक्के पलीकडे पोचतो. सेन्सरच्या लेखी बाटली म्हणजे ही पंधरा टक्क्यांची सावली. लेन्सवर बारीक धूळ बसली तरी तेवढा प्रकाश वाया जातो! कडेला मात्र काच प्रकाश वळवते आणि सावली गडद होते. पण कडा दोन असल्यामुळे सेन्सर कधीकधी एकच बाटली दोनदा मोजतो.

मिनिटाला ६०० बाटल्यांची लाइन आठ तासांच्या शिफ्टमध्ये २,८८,००० बाटल्या पुढे ढकलते. हजारात ९९९ वेळा बरोबर ओळखणारा सेन्सर कागदावर उत्तम दिसतो. त्याच्या हातून शिफ्टला २८८ चुका होतात.

अशा वेळी महागडा सेन्सर मागवतात आणि जुन्याच ब्रॅकेटवर बसवतात. माझ्या मते आधी ब्रॅकेटकडे पाहावं. समोर रिफ्लेक्टर लावून प्रकाश त्याच बाटलीतून परत आणला, की पृष्ठभाग आठ होतात आणि पंधराची सावली २८ टक्क्यांवर जाते. सपाट काचेच्या बाबतीत तर नुसता कोन बदलून चमत्कार होतो. किरण काटकोनात सोडला तर एका काचेतून जाताना जेमतेम ८ टक्के प्रकाश कमी होतो. तोच लंबापासून ७५ अंश कलता सोडला, तर सुमारे ३८ टक्के. खर्च एका वाकवलेल्या पट्टीचा.

प्रकाश सोडून ध्वनीकडे गेलं, तर पारदर्शकपणाचा प्रश्नच उरत नाही. हवेच्या तुलनेत काच ध्वनिलहरींना तीस हजार पटींनी जड जाते. काचेवर आदळलेल्या ध्वनीतला दहा हजारांत एखादा भागच आत शिरतो. १२ मायक्रॉनची फिल्म इतकी पातळ, की तिच्यातून ध्वनी सहज पार व्हावा असं वाटतं. पण सेकंदाला तीन लाख कंपनांच्या अल्ट्रासोनिक लहरींतला तिच्यातून पलीकडे जातो हजारात एकाहूनही कमी भाग.

एकाऐवजी दोन शीट मशीनमध्ये गेल्या, तर तेही यावरूनच ओळखतात. मधे हवा असेल तर दुसरी शीट उरलेल्यातलाही हजारावा भाग सोडते, म्हणजे हिशेब दहा लाखांत एकाच्या आसपास जातो. इथेही सेन्सर थोडा कलता लावतात, नाहीतर शीट आणि सेन्सर यांच्यात ध्वनी मागेपुढे आपटत राहतो. मात्र दोन शीट हवा न राहता चिकटल्या, तर दोन्ही मिळून एकच जाड शीट होते आणि हजारपटीचा फरक चौपटीवर येतो. म्हणून हा सेन्सर रोलरांनी हवा दाबून काढण्याच्या आधी बसवावा.