जुन्या डिस्कला नवी डबी

गेल्या उन्हाळ्यात माळ्यावरचा जुना संगणक भंगारात द्यायला काढला. २००४ साली हप्त्यांनी घेतलेला. भंगारवाला काटा लावू लागला तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, आतली हार्ड डिस्क तेवढी काढून घ्या." बरं झालं म्हणाला. अम्मी जात्यावर ओव्या म्हणायची. कॅसेटवर घेतलेल्या त्या ओव्या मी याच संगणकात उतरवल्या होत्या. कॅसेटला पुढे बुरशी लागली, आणि २०११ साली अम्मीही गेली.

मंडळी, अशी सुटी डिस्क लॅपटॉपला जोडायची तर तिला एक डबी लागते. बाजारात तिला केसिंग म्हणतात. आत डिस्क बसते, बाहेर यूएसबीची वायर निघते. मी बी. ए. झालेला माणूस, त्यातून कवी. पुण्याच्या तपकीर गल्लीतून स्वस्तातलं एक केसिंग उचलून आणलं. डिस्क त्यात बसेचना.

आधी डिस्क नीट पाहायची, मग दुकानाची पायरी चढायची, हे तेव्हा कळलं. लॅपटॉपमधली डिस्क बहुधा अडीच इंची असते. तिला यूएसबीतून येणारे पाच व्होल्ट साधारणपणे पुरतात. टेबलावरच्या संगणकातली साडेतीन इंची. तिच्या मोटरला बारा व्होल्ट हवेत, म्हणून केसिंगबरोबर भिंतीतल्या प्लगला लावायचा अडॅप्टर असलाच पाहिजे. दुकानदार 'चालतंय हो' म्हणाला, तरी त्याशिवाय घेऊ नका.

मी फसलो तो जोडणीत. साटा जातीच्या डिस्का २००३ च्या सुमारास आल्या. त्यांना दोन चपट्या, टोकाशी वळलेल्या पट्ट्या असतात. त्याआधीच्या साडेतीन इंची आयडीई डिस्कला दोन ओळींत चाळीस पिनांची जागा आणि शेजारी विजेच्या चार जाड पिना. माझी डिस्क आयडीई, आणलेलं केसिंग साटाचं! हल्ली दुकानात बहुतेक साटाचीच मिळतात. चार दुकानं पालथी घातल्यावर जुन्या मालात एक आयडीईचं सापडलं. ते ॲल्युमिनियमचं होतं, हे आणखी बरं. डिस्क तापते आणि धातू ती उष्णता बाहेर टाकतो. पिनांजवळ जंपर नावाची चिमुकली टोपी असते, ती 'मास्टर'च्या जागी बसवावी लागली. वेगवान यूएसबीचे जादा पैसे मात्र मी मोजले नाहीत. चाळीस जीबीची म्हातारी डिस्क, तिला घाई कसली?

दोन गोष्टी विसरू नका. डिस्क टकटक वाजत असेल तर ताबडतोब बंद करा आणि जाणकाराकडे न्या. पुन्हा पुन्हा चालवली तर आतल्या तबकड्यांवर ओरखडे उठू शकतात. आणि लॅपटॉपने 'फॉरमॅट करू का' असं विचारलं, तर कितीही आर्जवाने विचारो, नाही म्हणा.

माझी डिस्क घरघरत सुरू झाली. माझ्या जुन्या कविता उघडल्या तर अक्षरांचा नुसता भुसा. त्या वेळचा फॉन्टच या लॅपटॉपवर नाही. तो शोधायचं काम अजून बाकी आहे. ओव्यांची फाईल मात्र पहिल्या झटक्यात वाजली. आधी जात्याची घरघर, मग अब्बांचा खोकला, आणि मग अम्मी. भावाने तिथल्या तिथे तिच्या दोन प्रती काढल्या. एक त्याच्या घरी आहे.