दाढेतली चांदी काढायची का?

"डॉक्टर, ही चांदी काढून टाका. तिच्यात पारा असतो म्हणे!" दवाखान्यात हल्ली हे वारंवार ऐकते. हो, असतो. या चांदीत, म्हणजे अमाल्गममध्ये, वजनाने जवळपास निम्मा पाराच असतो. बाकी चांदी, कथील, तांबं. चावताना पाऱ्याची अल्पशी वाफ सुटते आणि श्वासावाटे रक्तात जाते. पण पारा आहे एवढ्यावरून निकाल लागत नाही. तो किती जातो आणि त्याने काय बिघडतं, हे बघावं लागतं. लिस्बनमधल्या ५०७ मुलांवर सात वर्षं नेमकं हेच तपासलं गेलं. काहींना अमाल्गम भरलं, काहींना पारा नसलेलं कॉम्पोझिट. २००६ साली निष्कर्ष आले: अमाल्गमवाल्यांच्या लघवीत पारा जास्त होता, पण स्मरणशक्ती, एकाग्रता, नसांचा वेग यांत फरक नव्हता. मला हा पुरावा भक्कम वाटतो. तरीही गर्भवती, सहा वर्षांखालची मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना मी नवं अमाल्गम भरत नाही. अमेरिकेच्या एफडीएचा २०२० चा सल्लाही तोच आहे. जुनी चांदी ड्रिलने उकरताना मात्र वाफ उलट वाढते. म्हणून ती शाबूत असेल आणि ॲलर्जी नसेल, तर कृपया तिला हात लावू नका.